नाकाला वास नाही, तरी चटणी घरचीच: मेंदूच्या गाठीनंतरचं एक प्रकरण

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं जुनं घर. पंचावन्न वर्षांच्या बाई, त्यांचे यजमान, मुलगा, सून आणि सात महिन्यांची नात. (ही एका ठरावीक कुटुंबाची हकीकत नाही. अशा घरांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र बांधून हे प्रकरण नमुन्यादाखल मांडलं आहे.) बाईंच्या कपाळामागे, नाकाच्या मुळाशी, वासाच्या नसा जिथून मेंदूत शिरतात त्या खोबणीत गाठ होती. मेंदूच्या आवरणातून निघून हळूहळू वाढणारा मेनिंजिओमा, ग्रेड १, म्हणजे सगळ्यात सौम्य प्रकारचा. शस्त्रक्रियेत ती पूर्ण निघाली. आठ महिन्यांनी केलेला एमआरआय स्वच्छ आला आणि डॉक्टर म्हणाले, सगळं व्यवस्थित आहे. घरच्यांना मात्र दिसत होतं की बाई पूर्वीसारख्या नाहीत.

उठवलं की उठायच्या. आंघोळीला पाणी काढून दिलं की आंघोळ करायच्या. पुढ्यात ताट आलं की चार घास खाऊन बाजूला सारायच्या. "आई, कुठं जाऊया का?" "कशाला." "भाजी कुठली करू?" "कर काय बी." टीव्ही चालू असायचा, पण मालिकेत काय झालं हे विचारलं तर सांगता यायचं नाही. सुनेनं जीव लावून सगळा स्वयंपाक हातात घेतला होता: "आई, तुम्ही बसा, मी बघते." यजमानांचा संयम सुटत चालला होता: "आठ महिनं झालं, आता तरी हल की जरा!"

ज्या बाईंच्या हातची चटणी दर उन्हाळ्यात पाहुण्यारावळ्यांत वाटली जायची, त्यांनी यंदा मिरचीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसणाचं लाल तिखट. ते बाहेरून आणायची वेळ येणं ही त्या घरात किती मोठी गोष्ट आहे, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नेमकं काय गेलं होतं

दोन गोष्टी गेल्या होत्या आणि घरच्यांनी त्यांची एकच मोट बांधली होती.

पहिली, वास. दोन्ही नाकपुड्यांचा, पूर्ण. वासाच्या नसांचे बारीक तंतू हाडाच्या चाळणीसारख्या पातळ पत्र्यातून वर जातात. गाठ नेमकी त्यांच्यावर बसलेली असते. ती वर्षानुवर्षं हळू वाढत असल्यामुळे वास कधी गेला हे माणसाला कळतसुद्धा नाही. मागे वळून पाहिलं तर खुणा सापडतात: शस्त्रक्रियेच्या आधी वर्षभर आमटीत मीठ जास्त पडत होतं आणि दोनदा दूध करपेपर्यंत बाईंना पत्ता लागला नव्हता. सर्दी किंवा तापानंतर वास गेला असेल तर गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोन वेळा हुंगण्याचा सराव काही महिने करायला सांगतात, आणि काहींना त्याचा उपयोगही होतो. पण नसाच तुटल्या असतील तर त्या सरावावर फार आशा ठेवू नये. इथे ते आम्ही, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा सुरू करायला मदत करणाऱ्यांनी, पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं. खोट्या आशेवर सहा महिने लवंग हुंगायला लावणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट, सुरुवात. कपाळामागचा मेंदूचा भाग काम ठरवतो, क्रम लावतो आणि मुख्य म्हणजे काम चालू करतो. विहिरीवरची मोटर चांगली असते, पाणीही असतं, पण स्टार्टर उचलत नाही, तशी ही अवस्था. हा आळस नव्हे. नैराश्यही नव्हे, पण ते तपासून घ्यावंच लागतं. नैराश्यात माणसाला आतून वाईट वाटत असतं, रडू येतं, आपण ओझं झालो असं तो बोलून दाखवतो. इथे बाई सपाट होत्या. कुणी हाताला धरून कामाला लावलं तर काम नीट करायच्या आणि थांबवलं की थांबायच्या. झटके येऊ नयेत म्हणून त्यांना लेवेटिरॅसिटामची गोळी सकाळ-रात्र चालू होती. या गोळीनं काहींची चिडचिड वाढते, मन खचतं. म्हणून तोही मुद्दा डॉक्टरांपुढे ठेवला आणि डोस त्यांच्याच सल्ल्यानं ठरला. ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नसते. अचानक थांबवली तर झटका येऊ शकतो.

घरच्यांना वासाचं महत्त्व पटवण्यासाठी एक साधा प्रयोग केला. प्रत्येकानं नाक चिमटीत घट्ट धरायचं आणि भाजलेल्या जिऱ्याचे आठ-दहा दाणे चावायचे. तोंडात नुसती कडसर कचकच राहते. मग चिमटी सोडायची. त्या क्षणी जिरं जिरं होतं. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि रश्शाचा तो भरीवपणा एवढंच ओळखते, बाकीची बहुतेक चव घशामागून नाकात जाते. यजमानांनी चिमटी सोडली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचं "हल की जरा" त्या दिवसापासून बंद झालं.

आधी गॅस, मग गोडी

आनंदाच्या गोष्टींकडे वळण्याआधी स्वयंपाकघर सुरक्षित करावं लागलं. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं, आणि बाईंना नेमकं तेच कळत नव्हतं. गॅस डिटेक्टर आणला, पण मुलानं तो हौसेनं छताजवळ लावला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीवर पसरतो. छताशी लावलेलं यंत्र ओरडेपर्यंत फार उशीर होतो. ते काढून शेगडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून फूटभर उंचीवर लावलं. (घरात पाइपचा गॅस असेल तर उलटं, कारण तो हवेपेक्षा हलका असतो आणि वर चढतो.) रबरी नळीवरची तारीख पाहिली. पाच वर्षं उलटली होती, ती बदलली. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का हे दर रविवारी बघायचं काम मुलाकडे गेलं. गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवला. वास येत नसलेलं माणूस घरात एकटं असेल तर वापर झाल्या झाल्या रेग्युलेटर बंद, हा नियम.

शिळं आणि नासकं ओळखायची जागा नाकाकडून तारखेकडे गेली. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर कागदी पट्टी आणि त्यावर वार. शिजवलेलं दुसऱ्या दिवशी संपवायचं, नाहीतर टाकायचं. खोबरं, तीळ, शेंगदाणे खवट झालेत का हे सून हुंगून सांगणार. नातीचं लंगोट ओलं आहे का हे वासानं कळणार नाही, म्हणून दर दोन तासांनी हात लावून बघायचं. मिठावर मात्र जास्त लक्ष ठेवावं लागतं. अन्न बेचव लागलं की हात आपोआप मीठ-साखरेकडे जातो आणि रक्तदाब वा साखर असलेल्यांना ते महागात पडतं. घरातला मिठाचा डबा उचलून ठेवला आणि सपाट मोजायचा एक चमचा तेवढा बाहेर राहिला.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना दोनदा सांगितली. झटका आला तर तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल नाकाशी धरायची नाही, त्याचा काहीच उपयोग नसतो. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबला नाही किंवा एकामागोमाग दुसरा आला तर १०८.

जिभेला काय उरलं होतं

आता या प्रकरणातला महत्त्वाचा भाग. मिरचीचा झणका, पुदिन्याचा गारवा, आल्याचा चटका आणि मोहरीची नाकात जाणारी कळ या गोष्टी वासाच्या नसेतून जातच नाहीत. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी नस वेगळी असते आणि ती शाबूत होती. म्हणजे वास गेलेल्या माणसानं जन्म काढावा असं गाव कुठलं, तर आमच्या मते कोल्हापूर. इथल्या जेवणाचा निम्मा जीव तिखटात आहे.

पण कुठला पदार्थ टिकतो आणि कुठला नाही, हे एकेक करून पाहावं लागलं. पांढरा रस्सा टिकला नाही. त्याचं सगळं सौंदर्य वासात, बाईंना तो कोमट दुधासारखा लागला आणि डोळ्यांत पाणी आलं. तांबडा टिकला. मिसळ टिकली, पण वेगळ्या पद्धतीनं: कट वेगळ्या वाटीत, फरसाण कोरडं, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा आणि लिंबू, शेजारी थंडगार दही. दोन चमचे कट ओतायचा आणि फरसाण मऊ पडायच्या आत खायचं. कुरकुर, झणका, आंबट, गार, गरम या पाच गोष्टी एका घासात आल्या की वासाची उणीव बरीच झाकली जाते. ब्रेडचा स्लाईस तव्यावर कडक करून दिला तर आणखी बरं. भेळ समोर कालवून लगेच खाल्ली तर टिकते, पुडीत घरी आणलेली कामाची नाही. गूळ नुसता गोड लागतो, पण शेंगदाण्याबरोबर चावला तर त्याला अंग येतं. चहात आलं दुप्पट, ठेचून नव्हे तर किसून.

इथे एक धोका सांगितलाच पाहिजे. तिखट खाल्लं की सगळ्यांचंच नाक गळतं. पण या जागेच्या शस्त्रक्रियेनंतर नाकातून मेंदूभोवतीचं पाणी झिरपण्याचीही शक्यता असते. फरक असा: खाण्याशी संबंध नसताना, वाकल्यावर, बहुधा एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ थेंब-थेंब येत असेल आणि घशात खारट लागत असेल, तर ती सर्दी समजून वाफ घेत बसायचं नाही. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना दाखवायचं. त्या वाटेनं जंतू आत गेले तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. ताप, मान आखडणं किंवा जोराची डोकेदुखी असेल तर एक तासही थांबू नये.

पाव किलो मिरचीची चटणी, पाच सकाळी

सुनेची अपेक्षा होती की बाईंनी रोज एक भाजी करावी. आम्ही चटणी निवडली. त्यात टप्पे सुटे आहेत, प्रत्येक टप्पा मध्येच थांबवता येतो, आणि ते काम बाईंच्या हातात चाळीस वर्षं मुरलेलं. हातांना जे पाठ असतं ते मेंदूच्या दुसऱ्या भागांत जपलेलं असतं. फक्त कुणीतरी पहिला धक्का द्यायला हवा.

प्रमाण मुद्दाम थोडं घेतलं: ब्याडगी १५० ग्रॅम, संकेश्वरी १०० ग्रॅम, सुकं खोबरं १०० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, धने ७५ ग्रॅम, जिरं आणि खडा मसाला मिळून ५० ग्रॅम, कांदा पाव किलो, लसूण १०० ग्रॅम, मीठ ७५ ग्रॅम, तळायला तेल. घरोघरी प्रमाण बदलतं, त्यावर वाद नको.

वेळ सकाळी नऊ ते अकरा, कारण दुपारनंतर थकवा यायचा. पंचवीस मिनिटं काम, पंधरा मिनिटं विश्रांती. विश्रांती म्हणजे डोळे मिटून पडणं. मोबाईल आणि टीव्ही यांनी मेंदूला विश्रांती मिळत नाही. थकवा आल्यावर थांबायचं नाही, येण्याआधी थांबायचं. हे घरच्यांना सगळ्यात उशिरा पटतं, कारण माणूस "अजून करतो की" म्हणत असतो.

बोलण्याची पद्धत ठरवली. "काय करूया?" असा उघडा प्रश्न नाही. दोन वस्तू समोर धरून "आधी कांदा का लसूण?" एका वेळी एकच वाक्य. मग मनात दहापर्यंत मोजायचं आणि गप्प राहायचं. दहाच्या आत पुन्हा सांगितलं तर मेंदूत चाललेलं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

पहिल्या दिवशी नुसती मिरचीची देठं काढली. सुनेनं मिरची सुपात घालून सूप मांडीवर ठेवलं आणि एक देठ स्वतः मोडलं. बाई बराच वेळ बघत राहिल्या, मग बोटं चालू झाली. चाळीस मिनिटांचं काम दोन टप्प्यांत झालं. कांदा चिरून उन्हात घातला तो मुलानं.

दुसरा दिवस फसला. खोबरं भाजताना वास हीच खूण असते, ती नव्हती. म्हणून रंगावर जायचं ठरलं होतं: बदामी झालं की उतरवायचं. पण स्वयंपाकघरात पिवळा दिवा होता आणि त्याच्या उजेडात पांढरं खोबरंसुद्धा बदामीच दिसतं. बाईंनी आधी लवकर उतरवलं, परत चढवलं, आणि दुसऱ्या वेळी ते काळं पडलं. टायमर लावला होता, पण बाहेरच्या खोलीत. त्यात यजमान, सून आणि शेजारच्या वहिनी असे तिघं एकदम सूचना देत होते. बाईंनी उलथनं खाली ठेवलं आणि जाऊन झोपल्या. तिसऱ्या दिवशी काम घेतलंच नाही.

दुरुस्ती सोपी होती. शेगडीवर पांढऱ्या उजेडाचा दिवा लावला. भाजलेल्या खोबऱ्याचे योग्य रंगाचे तुकडे पांढऱ्या बशीत नमुना म्हणून कढईशेजारी ठेवले, म्हणजे आठवणीवर भार नको, ताडून बघता येतं. टायमर कट्ट्यावर, चार मिनिटांचा, मंद आचेवर. आणि स्वयंपाकघरात बाईंबरोबर फक्त एक माणूस. चौथ्या दिवशी तीळ भाजताना बाईंनी स्वतःहून कढईकडे कान नेला. तीळ तडतडायचे थांबू लागले की झाले, हे त्यांना आवाजावरून कळत होतंच. धने बोटानं चुरून बघितले. नाक सोडून उरलेल्या सगळ्या इंद्रियांनी त्या भाजत होत्या. मिरची गरम करताना ठसका लागला, तो सगळ्यांना लागला आणि घरात पहिल्यांदा हसू आलं.

कांदा कोरडा होईपर्यंत तळणं ही या चटणीतली नाजूक जागा. ओलसर राहिला तर बुरशी येते आणि ती सुरुवातीला वासानं कळते. त्यामुळे इथे नमुना असा: तळलेला कांदा गार झाल्यावर बोटांत कडकन मोडला पाहिजे. वाकला तर परत तेलात. तेलाची कढई बाईंनी एकटीनं हाताळायची नाही, हा नियम अजून सैल केलेला नाही.

पाचव्या सकाळी डंकावर. मिरची कांडण्याचा आवाज मोठा असतो आणि अशा माणसाला गोंगाटानं पटकन शीण येतो. म्हणून गर्दी नसताना, उघडल्या उघडल्या गेले आणि कांडप चालू असताना बाई बाहेर कट्ट्यावर बसल्या. गरम चटणी परातीत आली. बाईंनी चिमूट उचलून जिभेवर ठेवली, डोळे मिटले, ठसका आवरला आणि कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, "मीठ कमी हाय." खरंच कमी होतं. आठ महिन्यांत न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि सुनेनं ते वहीत तारखेसह लिहून ठेवलं.

बारीकसारीक

शस्त्रक्रियेच्या, कानापासून कानापर्यंतच्या चिरेमागे टाळूवर बधिर पट्टा राहिला होता. त्यावर टोचलेली पिन कळत नाही, ऊनही कळत नाही. गजऱ्याची पिन खाली मानेजवळ, फणी रुंद दातांची, दुपारी डोक्यावर पदर. हाड बसवताना लावलेल्या बारीक पट्ट्यांच्या जागी बोटाला उंचवटा लागतो, त्याला घाबरायचं कारण नाही. जखम लाल झाली किंवा ओलावली तर मात्र दाखवायचं.

संध्याकाळी रंकाळ्यावर, पण रविवारी नाही. मंगळवारी पाचला, एका बाकापासून पुढच्या बाकापर्यंत, मग बसायचं. पाण्यावरचं ऊन बघायला वास लागत नाही. अंगाला घामाचा वास येतोय का ही शंका अशा माणसांना सारखी खाते. रोज आंघोळ आणि धुतलेले कपडे एवढं झालं की विषय बंद, आणि काही असेल तर सून खरं सांगेल असा दोघींचा करार.

नातीच्या टाळूचा वास येत नाही, हे बाईंनी एकदाच बोलून दाखवलं. त्यावर उपाय नाही आणि तो आहे असं कुणी म्हणू नये. सकाळची तेल लावायची वेळ मात्र आता आजीची आहे. तेल वाटीत कोमट करून सून देते, बाई आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघतात, मग पायांपासून सुरू करतात. त्या पंधरा मिनिटांत कुणाला सांगावं लागत नाही.

अजून अडतं ते सणावाराला. पाहुणे आले की चार बाजूंनी बोलणं चालतं आणि बाई मिटतात. अशा वेळी मागच्या खोलीत अंथरूण तयार ठेवलेलं असतं, आणि अर्ध्या तासानं मुलगा येऊन इतकंच विचारतो, "आई, बाहेर येतीस का इथंच चहा आणू?"